अल्टरनेटर खरंच गेलाय का? मीटर लावून बघू

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललं तसंच ठेवलंय.)

मागच्या काही आठवड्यांत तुमच्याकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक, गाडी चालू होत नाही, आणि गॅरेजवाला म्हणतो "अल्टरनेटर गेलाय, बदलावा लागेल". आता हे खरं आहे की नाही, ते घरच्या घरी कसं कळणार? तर आज तेवढंच. एक मल्टिमीटर, गाडीची किल्ली आणि पंधरा-वीस मिनिटं. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनीही ऐका, कारण दोन-अडीचशे रुपयांत साधा मीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आणि अल्टरनेटर काही हजारांना पडतो.

पैशांचं सोडा एक वेळ. दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. अल्टरनेटर खरंच गेला असेल आणि तुम्हाला कळलं नाही, तर काय होतं? गाडी लगेच बंद पडत नाही. ती बॅटरीवर चालत राहते. आता हिशोब करा. गणपतीला कोकणात निघालाय, रात्र आहे, पाऊस आहे. हेडलाइटचे दोन बल्ब ५५ वॅटचे, म्हणजे साधारण ९ अँपिअर तिथेच गेले. काच धुरकट होते म्हणून ब्लोअर चालू, वायपर चालू, पेट्रोलचा पंप, इग्निशन, इंजिनचा कॉम्प्युटर, मागचे दिवे. सगळं धरून २५ ते ३० अँपिअर सहज. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. कागदावर तास-सव्वा तास येतो, पण प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी दिवे पिवळे पडतात आणि इंजिन झटके द्यायला लागतं. मग कशेडीच्या उतारावर, अंधारात, दिवे नसलेली गाडी आणि मागून येणारा ट्रक. म्हणून डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह चालत्या गाडीत लागलं, तर त्याचा अर्थ "बॅटरी जुनी झाली" असा घेऊ नका. त्याचा अर्थ चार्जिंग होत नाहीये. एसी, ब्लोअर, म्युझिक बंद करा आणि उजेड असलेली सुरक्षित जागा गाठा. आणि इंजिन मध्येच बंद करू नका, परत चालू होईल याची खात्री नाही.

आता हा अल्टरनेटर करतो काय, ते दोन मिनिटांत. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरतो. आत एक फिरता चुंबक आहे, पण कायमचा चुंबक नाही, तारेच्या वेटोळ्याला करंट देऊन बनवलेला. तो करंट दोन छोट्या कार्बन ब्रशमधून आत जातो. बाहेरच्या वेटोळ्यांत त्यामुळे वीज तयार होते, फॅराडेने १८३१ साली दाखवलं तेच तत्त्व. ही वीज एसी असते, घरातल्यासारखी उलटसुलट जाणारी. बॅटरीला ती चालत नाही, म्हणून डायोड प्लेटमधून ती डीसी होते. आणि व्होल्टेज किती ठेवायचं ते रेग्युलेटर ठरवतो, ज्याला आपल्याकडे अजून बरेच जण "कटआउट" म्हणतात. जुनी मंडळी तर अल्टरनेटरलाच डायनामो म्हणतात. त्यात चूक नाही त्यांची, जुन्या फियाटमध्ये खरोखरच डायनामो असायचा. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले तेव्हा अल्टरनेटर आला. अमेरिकेत १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटमध्ये तो कंपनीकडूनच बसवून यायचा.

म्हणजे बिघाडाच्या जागा किती? पट्टा, कार्बन, डायोड, रेग्युलेटर, बेअरिंग, आणि अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर. ही शेवटची जागा लक्षात ठेवा, तिच्यावर मी परत येणार आहे.

मीटर हातात घ्या. काळी वायर "कॉम" लिहिलेल्या भोकात. लाल वायर घोड्याच्या नालेसारखं चिन्ह आणि व्ही लिहिलेल्या भोकात. तिसरं भोक असतं, १० अँपिअरचं. लाल वायर तिथे अजिबात नको. हे मी जोर देऊन सांगतोय. त्या भोकात वायर ठेवून तुम्ही बॅटरीच्या दोन टोकांना टोचलंत, तर तुम्ही बॅटरी शॉर्ट केलीत. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुतेक वेळा फ्यूजसुद्धा नसतो. ठिणगी उडते, वायर वितळते, हात भाजतो. चाव फिरवायची डीसी व्होल्टवर, म्हणजे व्हीशेजारी सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ, आणि आकडा २०.

एक छोटी गोष्ट. मीटरची स्वतःची बॅटरी उतरली असेल तर हे स्वस्त मीटर जास्त व्होल्टेज दाखवतात. घरातला नवा पेन्सिल सेल मोजा. दीड-पावणेदोनच्या मध्ये, १.६ च्या आसपास आलं तर ठीक. २ दाखवत असेल तर आधी मीटरचा सेल बदला, नाहीतर सगळेच आकडे खोटे.

आणि गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून ही कामं करू नका, सायलेन्सरमधून येणारा वायू जीवघेणा आहे. ओढणी, मफलर, सैल बाह्या, हातातलं कडं, सगळं बाजूला. रेडिएटरचा पंखा न सांगता चालू होतो. बॅटरीजवळ सिगारेट नको, तिच्यातून हायड्रोजन निघतो.

पहिलं माप इंजिन बंद असताना. गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तमच. नुकतीच चालवून आणली असेल तर हेडलाइट एक-दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबा, मग मोजा. कारण चार्जिंगनंतर बॅटरीवर वरवरचं व्होल्टेज राहतं, ते फसवतं. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. १२.६ किंवा १२.७ म्हणजे पोट भरलेली बॅटरी. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उपाशी. १२ आलं की लोकांना वाटतं "बाराची बॅटरी, बारा दाखवतेय, मस्त". नाही हो. आत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ ला असते. बारा हे नाव आहे, माप नाही.

दुसरं माप सेल्फ मारताना. इथे जोडीदार लागेल. तुम्ही मीटर बघा, दुसऱ्याने सेल्फ मारायचा. आकडा खाली कोसळतो, ते बरोबरच आहे, पण ९.६ च्या खाली जायला नको. बॅटरी १२.६ दाखवत होती आणि सेल्फला ८ वर आली, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर. अल्टरनेटरचा इथे संबंधच नाही.

तिसरं माप हे आजचं मुख्य. इंजिन चालू, मीटर बॅटरीवरच. आकडा १३.८ ते १४.५ च्या मध्ये कुठेतरी यायला हवा. का? कारण त्या सहा कप्प्यांत करंट आत ढकलायचा तर प्रत्येकाला साधारण २.३५-२.४ व्होल्ट द्यावे लागतात. सहाने गुणा, १४ च्या पुढे येतं. तेवढं मिळालं नाही तर बॅटरी अर्धपोटी राहते, आणि १५ च्या वर गेलं तर आतलं पाणी उडतं, बॅटरी फुगते, बल्ब पटापट जातात. म्हणजे सतत १५ च्या वर दिसत असेल तर रेग्युलेटर बघायला हवा. आणि इंजिन चालू करूनही १२.५ वरून १२.४, १२.३ असं हळूहळू उतरतच असेल, तर चार्जिंग शून्य आहे.

यावर थांबू नका. आता लोड द्या. हेडलाइट हाय बीमवर, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही. एकाने गाडीला थोडी रेस देऊन १५०० ते २००० आरपीएमवर धरायची. आकडा १३.५ च्या आसपास टिकला तर तुमचा अल्टरनेटर कामाला ठीक आहे. रेस दिली की दिवे तेजस्वी, सोडली की मंद, आणि आकडा १३ च्या खाली, असं असेल तर आधी पट्टा बघा. इंजिन बंद करून. ढिला आहे का, चकाकतोय का, चिरा पडल्यात का. पावसात सुरुवातीला चीं-चीं करणारा पट्टा घसरत असतो, आणि पट्टा घसरला की चांगला अल्टरनेटरही आजारी दिसतो. पट्टा अल्टरनेटरपेक्षा खूप स्वस्त आहे.

नव्या गाड्यांबद्दल एक अडचण सांगतो, नाहीतर कुणीतरी घाबरून जाईल. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. इंधन वाचवायला तो चार्जिंग मुद्दाम कमी करतो, आणि तुम्ही ब्रेक मारलात की वाढवतो. अशा गाडीत मीटरवर १२.८ दिसलं म्हणजे बिघाड झालाच असं नाही. हेडलाइट आणि ब्लोअर लावा, बॅटरी जरा उतरलेली असताना बघा. आकडा १४ कडे चढला तर ती यंत्रणा तिचं काम करतेय. बेल्टवर चालणारी माइल्ड हायब्रिड असेल, जिथे तेच यंत्र स्टार्टरचंही काम करतं, तिथे या भागातले आकडे आंधळेपणाने लावू नका.

आता एका श्रोत्याची गोष्ट. साताऱ्याकडचा मुलगा आहे, नाव घेत नाही. वडिलांची सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, तीच गाडी हा सकाळी दूध पोचवायला वापरतो. म्हणजे गाडी बंद तर त्या दिवसाचा धंदा बंद. सव्वा वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. तरी आठवड्यातून एकदा धक्का-स्टार्ट. मग एका गॅरेजमध्ये सांगितलं, नवा अल्टरनेटर टाका. त्याने व्हॉइस नोट पाठवली, "दादा, टाकू का? हप्त्यावर घ्यावा लागेल." मी म्हटलं, आधी मला आकडे पाठव.

आकडे असे आले. सकाळी १२.१. चालू केल्यावर १३.१. लोड दिल्यावर १२.७. आता हे ऐकून कुणीही म्हणेल, गेला अल्टरनेटर. पण मी त्याला आणखी एक माप घ्यायला लावलं, आणि हे माप गॅरेजमध्ये फार कमी लोक घेतात. अल्टरनेटरच्या मागे एक जाड वायर नटाने कसलेली असते, वर रबराची टोपी असते. ते त्याचं आउटपुट. लाल टोक त्या बोल्टवर, काळं टोक बॅटरीच्या प्लसवर. हो, प्लसवरच. इंजिन चालू, लोड चालू. इथे मीटर काय दाखवतो? त्या दोन जागांमध्ये वाटेत किती व्होल्ट हरवतात ते. वायर चांगली असेल तर ०.२ किंवा फार तर ०.३. त्याचा आकडा १.२ आला.

बघा, म्हणजे बॅटरीवर १२.७ पोचत होते आणि वाटेत १.२ हरवत होते. बेरीज करा, अल्टरनेटर १३.९ देत होता. तो बिचारा आपलं काम चोख करत होता. चोर वाटेत होता. वायरच्या टोकाचा लग हिरवा पडला होता, आणि आतून तार सुटत आली होती. इंजिन बंद केल्यावर हात जवळ नेला तर लग चांगलाच तापलेला. जिथे व्होल्ट हरवतात तिथे त्यांची उष्णता होते. १.२ व्होल्ट आणि समजा ३० अँपिअर, म्हणजे ३६ वॅट एका इवल्याशा लगमध्ये. पुढेमागे वायर जळली असती ते वेगळंच. जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने नवा लग दाबून दिला, टर्मिनल घासले. खर्च काही शे रुपये. लोडवर १३.८ यायला लागले. बॅटऱ्या का मेल्या तेही कळलं. त्या कधी पूर्ण भरल्याच नाहीत, आणि अर्धपोटी राहणाऱ्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट बसत जातो.

हेच माप मायनसच्या बाजूलाही घ्यायचं. एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर, रंग नसलेल्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. ०.२ पेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी बघा. कोकणात, समुद्राकाठच्या गावांत या पट्ट्या फार लवकर गंजतात. एक सावधगिरी मात्र: आउटपुटच्या त्या बोल्टला इंजिन बंद असतानाही थेट बॅटरीची वीज असते. टोक घसरून एकाच वेळी बोल्टला आणि इंजिनच्या अंगाला लागलं तर शॉर्ट. पट्टा शेजारीच फिरत असतो. जागा अडचणीची असेल तर इंजिन बंद करून क्लिप लावा, वायर पट्ट्यापासून लांब बांधा, मग चालू करा. तेही जमत नसेल तर हे एक माप इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. "आउटपुट ते बॅटरी ड्रॉप बघा" एवढं म्हणा, त्याला कळतं.

डायोड तपासायचे तर मीटर एसीवर टाकून बॅटरीवर लावायचा. डीसीमध्ये मिसळलेली एसीची लहर दिसते. ०.१ व्होल्टच्या आत हवी, अर्ध्या व्होल्टच्या वर गेली तर डायोड प्लेटवर दाट संशय. पण इथे एक गंमत आहे. बाजारात मिळणारा तो पिवळा स्वस्त मीटर या कामाचा नाही. त्याला एसीवर ठेवून इंजिन बंद असलेल्या बॅटरीला लावा, तो पंचवीस-सव्वीस व्होल्ट दाखवेल! टोकं उलटी केली की शून्य. तो डीसी अडवतच नाही. इंटरनेटवर ही चाचणी बघून लोक घाबरतात, "माझ्या गाडीत २६ व्होल्ट एसी". नियम साधा: इंजिन बंद असताना एसीवर शून्याच्या जवळ दाखवणारा मीटरच यासाठी वापरा. तसा नसेल तर कानाने बघा. रेस दिली की स्पीकरमधून सूं-सूं आवाज चढतो का? तो बऱ्याचदा डायोडचा असतो.

आता एका जुन्या पद्धतीबद्दल, आणि इथे मी जरा चिडूनच बोलणार आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब, चालू राहिली तर चांगला. अजून काही जण हे करतात. डायनामोच्या आणि कार्ब्युरेटरच्या जमान्यात खपून गेलं. आजच्या गाडीत बॅटरी ही त्या व्होल्टेजची गादी असते. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना गादी काढलीत तर व्होल्टेज क्षणभर उसळतं, कित्येक दहा व्होल्टपर्यंत, आणि समोर असतो इंजिनचा कॉम्प्युटर, एअरबॅगचं मॉड्यूल, म्युझिक सिस्टीम. कुणी तुमच्या गाडीवर हे करायला निघालं तर हात जोडून थांबवा. "काका, मीटर लावून बघू ना" म्हणा. मोठ्या माणसाला उलट बोलल्यासारखं वाटतं, ठाऊक आहे मला. तरी म्हणा.

समजा सगळं तपासलं, पट्टा ठीक, वायर ठीक, आणि अल्टरनेटरच्या बोल्टवरच १२.३. मग तो खरंच आजारी. तरीही "बदला" याच्याआधी "उघडा" म्हणा. कार्बन झिजलेत का, बेअरिंग वाजतंय का, कटआउट गेलाय का, डायोड प्लेट गेलीये का. बऱ्याच गाड्यांत हे भाग सुटे मिळतात. वेटोळंच जळलं असेल, करपट वास येत असेल, तर मात्र पूर्ण बदललेला बरा. आणखी एक: किल्ली ऑन केल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, बॅटरीचं लाल चिन्ह लागतं का ते बघा. जुन्या गाड्यांत त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. दिवा किंवा त्याची वायर तुटली, तर अल्टरनेटर ठणठणीत असूनही झोपून राहतो.

आणि सगळे आकडे छान असूनही सकाळी बॅटरी झोपत असेल, तर रात्री कुणीतरी वीज खातंय. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला स्टीरिओ. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत खर्च हवा. ३०० असेल तर दिवसाला सात अँपिअर-अवर जातात, तीन-चार दिवसांत छोटी बॅटरी सेल्फ मारण्याच्या लायकीची राहत नाही. हे मोजायला मीटर सिरीजमध्ये लावावा लागतो, आणि तसा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही. त्यावर वेगळा भाग करू, घाईत सांगण्यासारखं नाही ते.

जाता जाता, एकीने विचारलंय की इलेक्ट्रिक गाडीत हे कसं बघायचं. तिथे अल्टरनेटरच नसतो. पण छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि मोठ्या बॅटरीतून एक कन्व्हर्टर तिला चार्ज करतो. गाडी रेडी मोडमध्ये टाकून १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर लावलात तर १३-१४ च्या घरात आकडा दिसायला हवा. नारिंगी रंगाच्या वायरला मात्र हात लावू नका, ती शेकडो व्होल्टची असते.

तुमचे आकडे पाठवा. तीन तरी हवेत: इंजिन बंद, इंजिन चालू, आणि लोडवर. सोबत गाडी पेट्रोल की डिझेल, किती जुनी, आणि बॅटरी कधी टाकली ते लिहा. नुसतं "दादा, बॅटरी उतरते" यावरून मला काही सांगता येत नाही. पुढच्या भागात सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर. भेटू.